‘फाइल चढत नाही’: संकेतस्थळावरील मोठ्या अपलोडच्या त्रुटी आणि त्यांच्या तपासणीचा क्रम

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांतील शाळा, पतसंस्था, केळीचे व्यापारी आणि वधू-वर मंडळे यांची लहान संकेतस्थळे सांभाळण्याचे काम मी करतो. जून महिना लागून शाळाप्रवेशाचे अर्ज सुरू झाले की माझ्या फोनवर एक वाक्य दिवसातून चार-पाच वेळा ऐकू येते: ‘भाऊ, फाइल चढीच नही राहिनी.’ सांगणारा माणूस बदलतो, संकेतस्थळ बदलते, पण दहापैकी आठ वेळा मूळ कारण एकच निघते, ते म्हणजे पाठवलेली फाइल वाटेतल्या कोणत्या तरी मर्यादेपेक्षा मोठी असणे. ही मर्यादा नेमकी कोणती, हे न शोधता दिसेल तो आकडा वाढवत सुटणे ही सर्वांत मोठी चूक आहे, आणि ती मी स्वतः अनेकदा केली असल्यामुळे हा क्रम लिहून ठेवीत आहे.

लक्षणे

सर्वांत सरळ लक्षण म्हणजे पांढऱ्या पानावर मधोमध ठळक अक्षरांत ‘४१३ रिक्वेस्ट एंटिटी टू लार्ज’ असा मजकूर येणे. या क्रमांकाचे नाव एचटीटीपीच्या, म्हणजे ब्राउझर व सर्व्हर यांच्यातील संवादाच्या नियमांच्या, १९९९ च्या मानकात असे होते, २०१४ मध्ये ते ‘पेलोड टू लार्ज’ झाले आणि २०२२ मध्ये ‘कंटेंट टू लार्ज’ झाले, त्यामुळे तीन ठिकाणी तीन मजकूर दिसले तरी आजार एकच समजावा. या मजकुराखाली ‘एनजिनएक्स’ असे वेब सर्व्हरचे (संकेतस्थळाची पाने पुरवणाऱ्या व फाइली स्वीकारणाऱ्या प्रोग्रॅमचे) नाव छापलेले असेल तर निम्मे निदान तिथेच झाले, कारण फाइल पीएचपीपर्यंत, म्हणजे संकेतस्थळ ज्या भाषेत चालते तिच्यापर्यंत, पोहोचलीच नाही, ती त्याआधीच्या वेब सर्व्हरने अडवली, एवढे नक्की होते.

वर्डप्रेस या संकेतस्थळ बनवण्याच्या तयार प्रणालीवरील संकेतस्थळावर फाइल ‘अपलोड मॅक्स फाइलसाइझ’ या निर्देशापेक्षा मोठी आहे, असा इंग्रजी संदेश येतो तेव्हा अडवणारा पीएचपी असतो. थीम (रूपरेखा) किंवा प्लगइनची (जोड-सुविधेची) झिप फाइल चढवताना मात्र कधी कधी ‘तुम्ही वापरलेल्या दुव्याची मुदत संपली आहे’ अशा अर्थाचा संदेश येतो आणि माणूस दुवा शोधत बसतो. मुदतीशी याचा काही संबंध नसतो. फॉर्मबरोबर जाणारी सुरक्षेची खूण फाइलीच्या आकारामुळे बाकी सर्व माहितीसह गळून पडलेली असते, आणि ती न सापडल्यामुळे वर्डप्रेस मुदतीचे कारण पुढे करते.

याहून फसवे लक्षण असे की अर्ज भरून ‘सबमिट’ दाबल्यावर कोणतीही चूक न दाखवता तोच अर्ज पुन्हा कोरा होऊन समोर येतो. आपण काही तरी चुकीचे भरले असे पालकांना वाटते आणि ते सायबर कॅफेत पुन्हा पैसे देऊन तोच अर्ज तिसऱ्यांदा भरतात. या लक्षणाकडे पुढे सविस्तर येतो.

चौथा प्रकार असा की पट्टी १०० टक्क्यांपर्यंत जाते, फाइल चढल्यासारखी दिसते, आणि मग प्रतिमेवरील पुढील प्रक्रिया अयशस्वी झाल्याचा संदेश येतो. पाचव्या प्रकारात बराच वेळ चाक फिरत राहते आणि शेवटी ४०८ किंवा ५०४ हा वेळ संपल्याचा क्रमांक, नाहीतर जोडणी तुटल्याची ब्राउझरची सूचना दिसते. जोडणी तुटल्याची सूचना पाहून लगेच इंटरनेटला दोष देऊ नये. एनजिनएक्स मोठी फाइल मध्येच नाकारतो तेव्हा ब्राउझर अजून पाठवीतच असतो, त्यामुळे ४१३ चा खरा मजकूर अनेकदा पडद्यापर्यंत पोहोचतच नाही. याशिवाय ५०० हा सर्व्हरमधील बिघाडाचा क्रमांक, आणि विंडोज सर्व्हरवर चक्क ४०४, हीदेखील याच आजाराची रूपे असू शकतात.

आधी आकडा शोधावा

रावेर-सावद्याकडून निघालेला केळीचा ट्रक दिल्लीला पोहोचेपर्यंत वाटेत जितक्या रेल्वे फाटकांच्या उंचीच्या कमानी लागतील त्यांपैकी सर्वांत खालची कमान त्याची उंची ठरवते, बाकीच्या कितीही उंच असल्या तरी उपयोग नाही. फाइलीचेही तसेच आहे. फॉर्मची स्वतःची मर्यादा, संकेतस्थळाच्या पुढे उभी राहून येणारी वाहतूक चाळणारी क्लाउडफ्लेअरसारखी सेवा, वेब सर्व्हर, सुरक्षा-चाळणी, पीएचपी आणि डिस्क अशा किमान पाच-सहा कमानी वाटेत असतात. सुदैवाने यांतील बहुतेकांचे मूळ आकडे वेगवेगळे आहेत, आणि म्हणून फाइल कितव्या एमबीला अडते हे कळले की अडवणाऱ्याचे नाव बहुधा आपोआप कळते.

यासाठी मी मोबाइलमध्ये सात पीडीएफ फाइली कायमच्या ठेवल्या आहेत: ५० केबी, ९०० केबी, १.२ एमबी, १.८ एमबी, ३ एमबी, ९ एमबी आणि ३५ एमबी. फोटोऐवजी पीडीएफ मुद्दाम घेतो, कारण फोटो चढल्यावर सर्व्हर त्याच्या लहान प्रती बनवू लागतो आणि मग आकाराची अडचण कोणती व प्रक्रियेची कोणती हे वेगळे करता येत नाही. या फाइली लहानापासून मोठ्यापर्यंत एकेक करून चढवाव्या. या तपासणीला पाच मिनिटे लागतात, पैसा लागत नाही आणि संकेतस्थळात काहीही बदलावे लागत नाही, म्हणून ती पहिली.

५० केबीची फाइलसुद्धा चढत नसेल तर ही तक्रार बहुधा आकाराची नाही. परवानग्या, भरलेली डिस्क किंवा नाकारलेला फाइल-प्रकार यांच्याकडे वळावे. ५० केबी चढते पण ९०० केबीला ५०० ही त्रुटी येते, असे असेल तर अपाचे या वेब सर्व्हरमधील ‘मॉड एफसीजीआयडी’ या जोड-भागाची १३१०७२ बाइटची, म्हणजे १२८ केबीची, मूळ मर्यादा आठवावी. ९०० केबी चढून १.२ एमबी अडली तर एनजिनएक्स, कारण त्याची मूळ मर्यादा १ एमबी आहे. १.२ चढून १.८ अडली आणि संकेतस्थळ वर्डप्रेसच्या बहु-संकेतस्थळ जाळ्यातले (एकाच वर्डप्रेसवर अनेक संकेतस्थळे) असेल तर जाळ्याच्या मांडणीतील १५०० केबीची मूळ मर्यादा पाहावी. १.८ चढून ३ अडली तर पीएचपीची एका फाइलीवरची मर्यादा, जी मुळात २ एमबी असते. ३ चढून ९ अडली तर पीएचपीची संपूर्ण अर्जावरची ८ एमबीची मर्यादा, किंवा विंडोजवरील जुन्या एएसपी डॉट नेट संकेतस्थळात ४०९६ केबीची मर्यादा. ९ चढून ३५ अडली व सर्व्हर विंडोजचा असेल तर आयआयएस या विंडोजच्या वेब सर्व्हरची ३ कोटी बाइटची, म्हणजे सुमारे २८.६ एमबीची, मर्यादा. हाच सर्व्हर ४१३ ऐवजी ४०४.१३ दाखवतो आणि फाइल सापडत नसल्याचा गैरसमज करून देतो. व्हिडिओ १०० एमबीच्या आसपास अडत असेल आणि संकेतस्थळापुढे क्लाउडफ्लेअरची मोफत किंवा प्रो योजना असेल तर तीच कमान.

होस्टिंग कंपन्या, म्हणजे सर्व्हरवर जागा भाड्याने देणाऱ्या कंपन्या, यांतील काही आकडे आधीच वाढवून ठेवतात, त्यामुळे अडण्याचा आकडा ६४ किंवा १२८ असा गोल निघाला तर कोणी तरी मुद्दाम ठरवलेला आकडा आहे असे समजून तो मांडणीत शोधावा.

फाइलच लहान करता येते का

दुसरी तपासणी सर्व्हरवर नसून पाठवणाऱ्याच्या हातात असते, आणि माझ्या अनुभवात निम्मी कामे इथेच संपतात. शाळा सोडल्याचा दाखला किंवा सातबारा ६०० डीपीआयवर (एका इंचात ६०० ठिपके) रंगीत स्कॅन करण्याची काहीही गरज नसते. ए-४ आकाराचे एक पान ३०० डीपीआयवर २४८० गुणिले ३५०८, म्हणजे सुमारे ८७ लाख पिक्सेलचे होते. ६०० डीपीआय केले की ते चौपट आणि १५० केले की चतुर्थांश होते. वाचण्यापुरत्या कागदाला १५० ते २०० डीपीआय आणि करड्या रंगातील स्कॅन पुरेसे आहे. कॅफेचालकांना हे एकदा समजावून सांगितले की त्या गावचे फोन पुढच्या जूनमध्ये निम्मे होतात, हे मी पाहिले आहे.

फोटोच्या बाबतीत एक बारकावा आहे. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवलेली प्रतिमा आपोआप लहान होते, पण तोच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर मूळ आकारात जातो. त्यामुळे ‘काल हाच फोटो चढला होता, आज का नाही?’ या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा काल तो कोणत्या वाटेने आला होता यात असते.

मर्यादा वाढवण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारावा: इथे येणाऱ्या फाइलीला खरोखर किती मोठे असणे आवश्यक आहे? प्रवेशअर्जातील दाखल्याला १ एमबी पुरत असेल तर मर्यादा ६४ करण्यात शहाणपण नाही. योग्य उपाय म्हणजे फॉर्मवरच ‘प्रत्येक फाइल १ एमबीपेक्षा लहान असावी’ असे मराठीत स्पष्ट लिहिणे आणि मोठी फाइल निवडताच, पाठवण्याआधी, ब्राउझरमध्येच तशी सूचना देणे.

जाळे की सर्व्हर

तीच फाइल दुसऱ्या ब्राउझरमधून आणि दुसऱ्या जोडणीवरून चढवून पाहावी. २० एमबीची फाइल म्हणजे १६० मेगाबिट, म्हणून सेकंदाला १ मेगाबिट एवढाच चढता वेग असलेल्या जोडणीवर ती जायला किमान १६० सेकंद लागणार. उतरता वेग भरपूर असूनही चढता वेग अगदी कमी असणे हे मोबाइल जोडणीवर नेहमीचे आहे. धडगावच्या बाजूला सातपुड्यातील एका आश्रमशाळेची तक्रार मी दोन दिवस सर्व्हरवर शोधत होतो. शेवटी तेथील शिक्षक शहाद्याला आले, तीच फाइल तोच फोन वापरून त्यांनी चढवली, आणि ती अर्ध्या मिनिटात गेली. एनजिनएक्सची ६० सेकंदांची मुदत संपूर्ण अपलोडसाठी नसून माहितीच्या दोन सलग तुकड्यांमधील खंडासाठी असते, म्हणून संथ पण अखंड जोडणी चालते आणि मधूनमधून तुटणारी जोडणी ४०८ देते. अशा ठिकाणी मर्यादा वाढवल्याने काहीही साधत नाही, फाइल लहान करणे हाच उपाय.

फॉर्म आणि वर्डप्रेस यांची स्वतःची मांडणी

आता संकेतस्थळाच्या आत शिरावे. फॉर्म बनवणाऱ्या बहुतेक प्लगइनमध्ये प्रत्येक फाइल-खान्यासाठी स्वतंत्र आकारमर्यादा असते, आणि सर्व्हर १०० एमबी घ्यायला तयार असला तरी तो खाना २ एमबीवर अडून बसतो. त्यानंतर वर्डप्रेसच्या ‘साधने’ विभागातील ‘साइट हेल्थ’ उघडून ‘माहिती’ या पानावर ‘मीडिया हँडलिंग’ हा भाग पाहावा. एका फाइलीची कमाल मर्यादा, संपूर्ण पाठवणीची कमाल मर्यादा आणि या दोहोंतून प्रत्यक्षात लागू होणारी मर्यादा असे आकडे तिथे वाचायला मिळतात. हे पान फक्त पीएचपीचे बोलते, हे मात्र लक्षात ठेवावे. तिथे ६४ एमबी लिहिलेले असूनही १ एमबीला फाइल अडत असेल तर अडवणारा पीएचपीच्या पुढे उभा आहे.

पीएचपीच्या मर्यादा

या भागावर थोडे रेंगाळतो, कारण बहुतेक गोंधळ इथेच होतो. मर्यादांची जी नावे मी येथे देत आहे ती मूळ फाइलीत रोमन लिपीत, शब्दांमध्ये खालची रेघ देऊन लिहिलेली असतात.

‘अपलोड मॅक्स फाइलसाइझ’ एका फाइलीवर लागू होते, मूळ आकडा २ एमबी. ‘पोस्ट मॅक्स साइझ’ संपूर्ण अर्जावर, म्हणजे सर्व फाइली आणि सर्व मजकूर मिळून लागू होते, मूळ आकडा ८ एमबी. पहिली ओलांडली तर पीएचपी निदान त्रुटी क्रमांक १ तरी नोंदवते. दुसरी ओलांडली तर मात्र अर्जातील सर्व माहिती आणि सर्व फाइली प्रोग्रॅमला रिकाम्या मिळतात, जणू कोणी काही पाठवलेच नाही.

कोरा अर्ज परत येण्याचे कारण हेच. अमळनेर तालुक्यातील एका शाळेच्या प्रवेशअर्जात जन्मदाखला, आधार, रेशनकार्ड, मागील शाळेचा दाखला आणि फोटो अशा पाच फाइली जोडायच्या होत्या. प्रत्येक खान्याला २ एमबीची मर्यादा होती आणि पालक ती पाळत होते. तरीही काहींचे अर्ज जात आणि काहींचे कोरे होऊन परत येत. मी आठवडाभर ब्राउझर, मोबाइलचे प्रकार आणि मराठी टंक यांच्यावर संशय घेत राहिलो. शेवटी असे दिसले की ज्यांच्या पाचही फाइली १.८ एमबीच्या आसपास होत्या त्यांची बेरीज ९ एमबी होत होती, आणि ज्यांच्याकडे रेशनकार्ड नव्हते त्यांचे अर्ज बिनबोभाट जात होते. एकेका फाइलीची तपासणी करणाऱ्या फॉर्मला बेरीज माहीतच नव्हती. त्या दिवसापासून कोणत्याही बहु-फाइल अर्जात मी प्रथम खान्यांची संख्या आणि प्रत्येकाची मर्यादा यांचा गुणाकार करतो, आणि ‘पोस्ट मॅक्स साइझ’ त्या गुणाकारापेक्षा थोडी जास्त ठेवतो.

तिसरी मर्यादा फाइलींच्या संख्येची आहे. पीएचपी एका वेळी मुळात २० फाइली घेते आणि एकविसावीपासून पुढच्या सोडून देते. फोटो २५ निवडले आणि २० च आले, अशी तक्रार आली तर आकाराकडे पाहूच नये.

चौथी मर्यादा स्मरणशक्तीची, म्हणजे ‘मेमरी लिमिट’. रावेर भागातील एका केळी व्यापाऱ्याने नवा फोन घेतल्यावर घडांचे फोटो चढेनासे झाले. फाइल ९ एमबीची आणि मर्यादा ३२ एमबीची, म्हणजे आकाराच्या सर्व कमानी मोकळ्या होत्या. फोनमध्ये पूर्ण ४८ मेगापिक्सेलची पद्धत चालू राहिली होती. जेपेग ही दाबून बांधलेली गाठोडी असते. सर्व्हर ती उघडतो तेव्हा प्रत्येक पिक्सेलला सुमारे ४ बाइट लागतात, म्हणून ८००० गुणिले ६००० पिक्सेलचा फोटो उघडल्यावर १९२ एमबी जागा मागतो. पीएचपीची मूळ मेमरी मर्यादा १२८ एमबी आहे. वर्डप्रेस प्रतिमेच्या कामापुरती ती २५६ पर्यंत वाढवून मागते, पण होस्टिंगने परवानगी दिली नसेल तर मिळत नाही. वर्डप्रेस ५.३ पासून, म्हणजे २०१९ पासून, मोठे फोटो २५६० पिक्सेलपर्यंत आपोआप लहान केले जातात हे खरे, पण लहान करण्यासाठी आधी पूर्ण फोटो उघडावा लागतो आणि प्रक्रिया तिथेच कोलमडते. व्यापाऱ्याच्या फोनमध्ये १२ मेगापिक्सेलची पद्धत लावून दिली, काम दोन मिनिटांत संपले, आणि त्यांनी ‘भाऊ, एवढंच होतं?’ असे विचारल्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते, कारण त्याआधी मी त्यांच्या सर्व्हरवर दोन तास घालवले होते.

आकडे बदलण्याची सर्वांत सुरक्षित जागा म्हणजे सीपॅनेल या होस्टिंगच्या नियंत्रण-पटलातील ‘मल्टिपीएचपी आयएनआय एडिटर’. तो नसेल तर मूळ फोल्डरमध्ये ‘डॉट यूजर डॉट आयएनआय’ नावाची फाइल करून तीत आकडे लिहावेत. ही फाइल पीएचपी दर ३०० सेकंदांनी एकदाच वाचते, त्यामुळे बदल केल्यावर पाच मिनिटे थांबावे. न थांबता ‘फरक पडला नाही’ म्हणून आकडा पुन्हा पुन्हा बदलणारे लोक मी पाहिले आहेत आणि त्यांत एके काळी मीही होतो. जुन्या लेखांत अपाचेची मांडणी-फाइल असलेल्या ‘डॉट एचटीअ‍ॅक्सेस’मध्ये ‘पीएचपी व्हॅल्यू’ने सुरू होणाऱ्या ओळी टाकायला सांगितलेले असते. पीएचपी ‘एफपीएम’ या वेगळ्या सेवेतून चालत असेल तर त्या ओळींमुळे संपूर्ण संकेतस्थळ ५०० त्रुटी देऊन बंद पडते. तसे झाले तर घाबरू नये, त्या ओळी काढताच ते पूर्ववत होते.

आकडा लिहिताना मागे फक्त रोमन एम हे अक्षर लिहावे, एमबी अशी दोन अक्षरे लिहू नयेत. मी एकदा घाईत ६४ च्या मागे दोन अक्षरे लिहिली आणि पीएचपीने शेवटचे अक्षर न ओळखता त्याचा अर्थ ६४ बाइट असा घेतला. एका पतसंस्थेच्या संकेतस्थळावर त्या दिवशी १० केबीची सहीसुद्धा चढेना. पीएचपी ८.२ पासून अशा चुकीबद्दल इशारा मिळतो, परंतु तो सर्व्हरच्या त्रुटींच्या नोंदवहीत (लॉगमध्ये) जातो आणि नोंदवही उघडण्याची सवय फार थोड्यांना आहे.

आकड्यांचा क्रम असा राखावा की एका फाइलीची मर्यादा सर्वांत लहान, संपूर्ण अर्जाची तिच्याहून मोठी आणि मेमरीची त्याहून मोठी असेल. सर्व्हर स्वतःचा असेल तर आणखी एक सापळा असतो: आज्ञा-पटलावर (टर्मिनलवर) दिसणारी पीएचपीची मांडणी आणि संकेतस्थळ वापरते ती मांडणी या दोन निरनिराळ्या फाइली असतात. संकेतस्थळाची मांडणी बदलून एफपीएम पुन्हा सुरू केल्याशिवाय बदल लागू होत नाही.

डिस्क आणि तात्पुरती जागा

आकडे बरोबर असूनही फाइल चढत नसेल तर होस्टिंगच्या पटलावर डिस्कची जागा आणि फाइलींची संख्या हे दोन्ही कोटे पाहावेत. जागा शिल्लक असून फाइलींच्या संख्येचा कोटा संपलेला असणे हे जुन्या वर्डप्रेसमध्ये नेहमीचे आहे, कारण प्रत्येक फोटोच्या पाच-सात लहान प्रती तयार होत असतात. चढणारी फाइल प्रथम तात्पुरत्या फोल्डरमध्ये उतरते. तो फोल्डर नसेल तर पीएचपी त्रुटी क्रमांक ६ देते आणि डिस्कवर लिहिता आले नाही तर ७.

वेब सर्व्हर आणि त्यापुढच्या चाळण्या

येथून पुढच्या तपासण्या फक्त स्वतःचा व्हीपीएस (भाड्याने घेतलेला स्वतंत्र आभासी सर्व्हर) असणाऱ्यांनी कराव्या. एनजिनएक्सच्या त्रुटींच्या नोंदवहीत ग्राहकाने फार मोठी माहिती पाठवण्याचा प्रयत्न केल्याची इंग्रजी ओळ आणि पुढे बाइटची संख्या दिसली तर ‘क्लायंट मॅक्स बॉडी साइझ’ वाढवावी. ही ओळ संपूर्ण सर्व्हरसाठी न लिहिता जिथे अपलोड होते त्या एकाच मार्गाच्या विभागात लिहिणे चांगले. बदल केल्यावर आधी मांडणी तपासण्याची आज्ञा चालवावी आणि ती निर्दोष निघाली तरच सर्व्हरला नवी मांडणी वाचायला लावावी, नाहीतर एका विसरलेल्या अर्धविरामामुळे पुढच्या वेळी सर्व्हर सुरू होणार नाही. हा आकडा शून्य करू नये. शून्य म्हणजे मर्यादा नाही, आणि मग कोणीही मोठमोठ्या फाइली पाठवून डिस्क भरू शकतो. नोंदवहीत तात्पुरत्या फोल्डरला परवानगी नाकारल्याची ओळ असेल तर दोष आकाराचा नसून फोल्डरच्या मालकीचा असतो. लहान अर्ज एनजिनएक्स स्मरणात ठेवतो आणि मोठेच डिस्कवर लिहितो, म्हणून तक्रार आकाराची भासते.

मोबाइल ॲपमधून फोटो येत असतील आणि ते बेस-६४ रूपात, म्हणजे अक्षरांच्या मालिकेत बदलून, पाठवले जात असतील तर आकार एकतृतीयांशाने वाढतो हे हिशोबात धरावे. ८०० केबीचा फोटो वाटेत १०६७ केबी होतो आणि १ एमबीच्या कमानीला आपटतो.

अपाचेची स्वतःची मर्यादा २.४.५४ या आवृत्तीपासून मुळात १ जीबी आहे, त्याआधी ती नव्हतीच, म्हणून तिथे क्वचितच दोष सापडतो. ‘मॉड सिक्युरिटी’ ही सुरक्षा-चाळणी मात्र वेगळी मर्यादा लावते.

कुठे थांबावे

होस्टिंग सामायिक असेल तर वेब सर्व्हरच्या मांडणीपर्यंत आपला हात पोहोचतच नाही, तेव्हा पीएचपीचे आकडे बरोबर दिसू लागल्यानंतरही ४१३ येत राहिला तर तिथेच थांबून होस्टिंगच्या मदतकक्षाला लिहावे. ‘अपलोड होत नाही’ असे एका ओळीचे पत्र पाठवू नये, त्याला ठरलेलेच उत्तर येते. पानाचा पूर्ण पत्ता, प्रयत्नाची तारीख व मिनिटापर्यंतची वेळ, फाइलीचा आकार, दिसलेला क्रमांक, कोणत्या आकाराची फाइल चढली व कोणत्या आकाराची अडली, हे सर्व लिहावे. वेळ दिली की त्यांना नोंदवहीतील नेमकी ओळ सापडते.

सुरक्षा-चाळणी आडवी येत असेल तर ती स्वतः बंद करू नये. नियमाला त्या एका मार्गापुरता अपवाद करणे हे जाणकाराचे काम आहे. ज्या सर्व्हरवर पतसंस्थेचे व्यवहार किंवा चालू डेटाबेस आहे त्याची डिस्क भरलेली आढळली तर काहीही पुसण्याआधी व्यावसायिकाला बोलवावे, कारण भरलेल्या डिस्कवर चुकीची फाइल पुसल्यामुळे झालेले नुकसान परत भरून काढणे महाग पडते. अपलोडच्या फोल्डरमध्ये आपण न चढवलेल्या, पीएचपीच्या शेपटीच्या फाइली दिसल्या तर हा प्रश्न आकाराचा राहिलेलाच नसतो. मर्यादा वाढवणे तत्काळ थांबवून सुरक्षेचे काम करणाऱ्याला दाखवावे. आणि १०० एमबीपेक्षा मोठे व्हिडिओ रोज चढवायचे असतील तर फाइल तुकड्यातुकड्यांनी पाठवण्याची किंवा थेट साठवण-सेवेवर नेण्याची रचना करावी लागते, जे आकडे वाढवून होणारे काम नाही, त्यासाठी प्रोग्रॅमरच लागतो.

काम संपल्यावर चाचणीसाठी चढवलेल्या सातही पीडीएफ काढून टाकाव्या, आणि मांडणी वाचण्यासाठी ‘पीएचपी इन्फो’ची फाइल ठेवली असेल तर ती त्याच दिवशी पुसावी, कारण सर्व्हरची संपूर्ण मांडणी ती कोणालाही उघडपणे दाखवत राहते.